बावन्न नग आणि एक कार्ड : जुने संगणक विंटेज केव्हा धरावेत, याचा प्रकरण अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रातील एका वरिष्ठ महाविद्यालयाचा संगणकशास्त्र विभाग २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत नव्या इमारतीत हलवायचा होता. जुन्या इमारतीत जिन्याखाली एक खोली होती. बिघडलेले, बदललेले किंवा नुसतेच नकोसे झालेले साहित्य गेली पंचवीस-तीस वर्षे त्या खोलीत जात होते. बाहेर मात्र फारसे काही येत नव्हते, कारण डेड स्टॉक रजिस्टरवरून एखादा नग कमी करायचा तर समिती, मूल्यांकन, ठराव आणि लेखापरीक्षकाची मान्यता एवढे सोपस्कार लागतात आणि ते अंगावर घ्यायला कोणी सहसा तयार नसते. इमारत रिकामी करून द्यायची तारीख ठरल्यावर हा प्रश्न टाळता येईना. महाविद्यालय विकास समितीने ठराव केला, तो असा : ‘विंटेज वस्तू वगळून उर्वरित जुन्या साहित्याचे नियमानुसार निर्लेखन करण्यात यावे.’

ठराव करणाऱ्यांच्या मनात बहुधा काचेच्या कपाटात ठेवण्याजोगे एखाद-दुसरे शोभिवंत यंत्र असावे. निर्लेखन म्हणजे रजिस्टरवरून नोंद कमी करून वस्तू निकालात काढणे. परंतु विंटेज कशाला म्हणायचे, हे ठरावात कुठेही लिहिलेले नव्हते. विभागप्रमुख, लेखापाल, ग्रंथपाल, तंत्रसहायक आणि बाहेरचा सदस्य म्हणून मी, अशा आम्हा पाच जणांच्या समितीचे पुढचे तीन आठवडे त्या एका शब्दापायी गेले. जुनी यंत्रे दुरुस्त करण्याचा मला छंद आहे. माझी शिफारस तेवढ्यावरच झाली होती.

रजिस्टरप्रमाणे खोलीत ५२ नग होते. पेंटियम ४ चे २२ संगणक, पेंटियम ३ चे ९, पिक्चर ट्यूबचे ११ मॉनिटर, ३ डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ३८६ चे दोन संगणक, ‘असेंबल्ड पीसी, परीक्षा विभाग’ एवढ्याच वर्णनाचा एक, संस्थेच्या माध्यमिक शाळेकडून आलेले दोन बीबीसी मायक्रो, २०१३ साली घेतलेला एक लॅपटॉप आणि एक यूपीएस. याशिवाय फ्लॉप्यांचे दोन खोके होते, त्यांची नोंद कुठेच नव्हती. कीबोर्ड, माऊस आणि केबली आदल्या दिवाळीतच किरकोळ साहित्य म्हणून भंगारात गेल्या होत्या. त्याकडे पुढे यावे लागेल.

तीन मते, तीन तारखा

पहिल्या बैठकीत लेखापालांनी मांडलेले मत सर्वांत स्पष्ट होते. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप व लॅपटॉप यांचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे आणि सर्व्हरचे ६ वर्षे धरले आहे. तो कायदा महाविद्यालयाला लागू नसला तरी अंदाज घ्यायला पुरेसा आहे, आणि त्या हिशेबाने खोलीतल्या प्रत्येक नगाची पुस्तकी किंमत केव्हाच एक रुपयावर आलेली आहे. तेव्हा बावन्नच्या बावन्न भंगारात काढावेत. या म्हणण्यात चूक काही नव्हती, पण घसारा वस्तूची हिशेबातली किंमत सांगतो. ठरावाने विचारलेल्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

विभागप्रमुखांनी पंचवीस वर्षांची रेघ सुचवली : खरेदीला पंचवीस वर्षे झाली असतील तर विंटेज, नसतील तर भंगार. अशी रेघ मारायला सोपी असते, लेखापरीक्षकाला समजते, आणि हट्टाने वाद घालणाऱ्याला गप्प करता येते. मलाही ती सुरुवातीला पसंत होती.

तिसरे मत समितीबाहेरच्या माणसाचे होते. अंदाज घेण्यासाठी बोलावलेल्या भंगारवाल्याने खोलीत शिरताच नव्या-जुन्याची विभागणी आमच्यापेक्षा कितीतरी चटकन केली. पेंटियम ४ चे कॅबिनेट त्याने पायानेच बाजूला सारले. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरांसाठी मात्र तो वाकून पाहू लागला, कारण त्यांच्या पायांवर सोन्याचा मुलामा अधिक जाड असतो. त्याचा भाव वयाबरोबर चढत होता. जुने ते मोलाचे हे त्यालाही मान्य होते. फरक एवढाच, की ते मोल हाती यायला वस्तू आधी फोडावी लागते.

कायद्यांत काही आधार मिळतो का, हेही पाहिले. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्याला वस्तू किमान शंभर वर्षांची लागते, हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचे चालते. मोटारींसाठी २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले आणि मूळ रूपात राखलेले वाहन विंटेज धरले आहे. यांपैकी कोणताही मापदंड संगणकाला लावला तर निकाल हास्यास्पद लागतो. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर ४००४ हा नोव्हेंबर १९७१ चा. आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ चा. पन्नास वर्षांची अट धरली तर जगातला एकही आयबीएम पीसी २०३१ पर्यंत विंटेज ठरत नाही, आणि तोवर त्यांपैकी किती शिल्लक राहतील हे सांगायला नको. उलट टोक उत्पादकांचे. अॅपल कंपनी विक्री थांबवून पाच वर्षे झालेल्या आणि सात न झालेल्या यंत्राला ‘विंटेज’ म्हणते व सात वर्षांनंतर ‘ऑब्सोलिट’ म्हणते. म्हणजे तिथे हा शब्द सुटे भाग मिळण्याची हमी संपत आल्याची सूचना आहे. २०१३ चा लॅपटॉप जपावा असे ज्यांना वाटत होते त्यांचा आधार नेमका असल्याच एका यादीचा होता. तो आम्ही ग्राह्य धरला नाही. दुकानात शब्द कसा वापरतात यावरून संग्रहात काय ठेवायचे हे ठरवता येत नाही.

राहता राहिली पंचवीस वर्षांची रेघ. तिची अडचण दुसऱ्याच दिवशी समोर आली : पंचवीस वर्षे मोजायची ती कोणत्या तारखेपासून?

३८६ हा प्रोसेसर इंटेलने ऑक्टोबर १९८५ मध्ये आणला आणि यंत्रांत बसवण्याच्या कामासाठी त्याचे उत्पादन २००७ पर्यंत चालू ठेवले. म्हणजे एकाच नावाच्या दोन चिपांत बावीस वर्षांचे अंतर असू शकते. बीबीसी मायक्रो हे केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे डिसेंबर १९८१ मध्ये आलेले यंत्र. १९८४ नंतर भारतातल्या शाळांसाठी आखलेल्या संगणक साक्षरतेच्या ‘क्लास’ योजनेत तेच दिले गेले. आमच्याकडच्या यंत्राचे झाकण उघडल्यावर आतल्या चिपांवर ८४४७ असा आकडा दिसला. पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे ही चिप १९८४ च्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यात तयार झालेली. शाळेच्या रजिस्टरवर ते यंत्र १९८५ मध्ये चढले आणि महाविद्यालयाच्या रजिस्टरवर १९९९ मध्ये, हस्तांतराने. आमच्या रजिस्टरची तारीख धरली तर खोलीतले सर्वांत जुने यंत्र पंचवीस वर्षांच्या अटीत नापास होत होते.

परीक्षा विभागाची पेटी

हीच अडचण अधिक ठळकपणे दिसली ती ‘असेंबल्ड पीसी, परीक्षा विभाग’ या नगाच्या बाबतीत. त्याची नोंद सप्टेंबर १९९८ ची. मे २०२३ मध्ये त्याला चोवीस वर्षे आणि आठ महिने झाले होते. विभागप्रमुखांच्या रेघेपासून चार महिने अलीकडे. कॅबिनेट पिवळे पडलेले, पुढची पट्टी गायब, कोणत्याही कंपनीचे नाव नाही. पहिल्या यादीत आम्ही त्याच्यापुढे ‘भंगार’ असे लिहून मोकळेही झालो होतो.

ते उचलून बाहेर नेणारे प्रयोगशाळेतले मामा निवृत्तीला आलेले. पेटी उचलता उचलता ते सहज म्हणाले, “सर, ह्याच्यात मराठी यायचं.”

विभागप्रमुख हसून म्हणाले, “मामा, मराठी आता कशात येत नाही?”

“आता येतं हो सर. तेव्हा कुठं यायचं?”

पेटी खाली ठेवायला लावली आणि झाकण काढले. मदरबोर्डवर ३८६ च्या पुढच्या पिढीचा ४८६ प्रोसेसर होता आणि एका आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्ड खोचायच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत, बोटभर धुळीखाली, चिपांनी गच्च भरलेले एक लांब कार्ड होते. ब्रशने धूळ झाडल्यावर त्यावरचे ‘जिस्ट’ हे नाव वाचता आले. चिपांवरचे आकडे ९१ ने सुरू होत होते, म्हणजे १९९१ चे. परीक्षा विभागाकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला तो असा : कार्ड १९९२ च्या सुमारास दुसऱ्याच एका संगणकासाठी घेतले होते; तो संगणक गेल्यावर १९९८ मध्ये हाताशी असलेला जुना ४८६ बोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये बसवून त्यात हे कार्ड हलवण्यात आले. रजिस्टरवर नोंद झाली ती कॅबिनेटची. कार्ड मूळ खरेदीच्या वेळी ‘मराठी सॉफ्टवेअर, १ संच’ म्हणून चढले होते आणि सॉफ्टवेअरचे निर्लेखन होऊन गेल्याला वीस वर्षे उलटली होती. कागदोपत्री ते अस्तित्वातच नव्हते.

हे कार्ड काय करीत असे, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते. विंडोजच्या आधीची संगणक प्रणाली म्हणजे डॉस. तिच्या पडद्यावर फक्त रोमन अक्षरे उमटत. देवनागरीत जोडाक्षरे, वेलांट्या आणि मात्रा अक्षराच्या पुढे-मागे, वर-खाली बसतात, आणि ते काम त्या काळच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होते. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात या तंत्रावर काम झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था स्थापन झाल्यावर ते तिथे पुढे नेण्यात आले आणि त्यातून संगणकात खोचता येणारे जिस्ट कार्ड लोकांच्या हाती पोचले. कार्ड बसवले की डीबेस किंवा वर्डस्टार यांसारख्या, मराठीचा गंधही नसलेल्या इंग्रजी प्रोग्रॅममध्ये देवनागरी लिहिता येत असे. अक्षरांना क्रमांक देण्याची त्यामागची पद्धत म्हणजे इस्की. १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाली. तिच्यात ‘क’ हे अक्षर १७९ या आकड्याने साठवले जाते, आणि हाच आकडा लिपी बदलली की कन्नडचा किंवा गुजरातीचा ‘क’ दाखवतो. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून. आज मोबाइलवर मराठी वाचणाऱ्याच्या पडद्यामागे अक्षरांचा जो क्रम आहे, त्याचे मूळ असे इथवर पोचते.

एवढे सगळे त्या धुळीखाली आहे, हे मामांना ठाऊक होते आणि समितीतल्या आम्हा पाच जणांपैकी एकालाही नव्हते.

चालू करण्याआधी आणि नंतर

जुने यंत्र उत्साहाच्या भरात थेट वीजजोडणीला लावणे ही त्याला मारण्याची खात्रीची रीत आहे. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात मधाच्या रंगाच्या पारदर्शक वेष्टनातले कागदी कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षे त्यांच्या वेष्टनाला बारीक चिरा जातात, चिरांतून आत ओल शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत फट् असा आवाज होऊन खोली धुराने भरते. आमच्या दोन्ही यंत्रांत त्या चिरा भिंगाशिवाय दिसत होत्या. ते कपॅसिटर आधी बदलले. त्यानंतर एक यंत्र चालू झाले : आधी लांब खर्जातला आणि लगेच बारीक, तुटक असा त्याचा ओळखीचा दुहेरी आवाज आला आणि पडदा उजळला. दुसऱ्याने काहीच प्रतिसाद दिला नाही.

३८६ च्या दोन्ही बोर्डांवर घड्याळासाठी बसवलेली निकेल-कॅडमियमची निळी बॅटरी फुटली होती. तिच्यातला क्षार हळूहळू पसरतो आणि तांब्याच्या रेषा खातो. एका बोर्डावर हिरवट-निळ्या बुरशीसारखा थर थेट मेमरीच्या स्लॉटपर्यंत पोचला होता. दुसऱ्यावर नुकसान कोपऱ्यापुरते होते आणि व्हिनेगरने तो भाग पुसल्यावर रेषा शाबूत निघाल्या. ४८६ च्या बोर्डवर मात्र बॅटरीऐवजी एक काळा ठोकळा होता, ज्याच्या पाठीवर गजराच्या घड्याळाचे छोटे चित्र छापलेले असते. त्याच्या पोटातली बॅटरी संपलेली, पण गळून काही नासवणारी नव्हती. यंत्र प्रत्येक वेळी तारीख आणि डिस्कची माहिती विसरत होते, एवढेच. ‘अधिक जुने म्हणून अधिक जपण्यासारखे’ हा नियम एका निळ्या बॅटरीने उलटा केला, हे समितीला प्रत्यक्ष पाहता आले ते बरे झाले.

कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा आमच्या तंत्रसहायकांनी पांढऱ्या खोडरबराने घासून घेतल्या. ही दुरुस्तीची पद्धत कोणत्याही पुस्तकात मी वाचलेली नाही, पण पुण्या-मुंबईच्या दुकानांत ती सर्रास चालते आणि चालते याचे कारण ती लागू पडते. डिस्क फिरलीच नाही. फ्लॉपीवरून डॉस सुरू केले. कार्डाबरोबर आलेल्या सव्वापाच इंची फ्लॉप्या नोंद नसलेल्या खोक्यांत सापडल्या, परंतु त्यांच्या लंबगोल खिडकीतून आतल्या चकतीवर पांढरे ठिपके दिसत होते : पावसाळ्यांनी धरलेली बुरशी. तशीच फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती वाचणाऱ्या हेडला मळ लागतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. म्हणून चकती हाताने फिरवत, कापसाच्या बोळ्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकेक स्वच्छ केली. चौदांपैकी नऊ वाचता आल्या. पडद्यावर पहिली देवनागरी ओळ उमटली तेव्हा मामा तिथे नव्हते, याची हळहळ अजून आहे.

वाचलेल्या फ्लॉप्यांत १९९० च्या दशकातल्या गुणपत्रकांच्या याद्याही होत्या. विद्यार्थ्यांची नावे आणि गुण असलेली ही माहिती समितीची नव्हे, म्हणून प्रती न ठेवता ती परीक्षा विभागाच्या हवाली केली. भंगारात जाणाऱ्या तीस पेंटियम संगणकांतल्या डिस्कही याच कारणाने काढून, छिद्रे पाडून वेगळ्या दिल्या. विंटेजच्या चर्चेत हा मुद्दा हमखास राहून जातो.

मग रेघ कुठे मारली?

‘विंटेज’ हा शब्द मुळात वयाचा नाही. द्राक्षांच्या एका हंगामाचा, म्हणजे विशिष्ट वर्षाच्या उतरवणीचा, तो शब्द. मोटारींकडे तो आला तेव्हाही वय दुय्यमच होते. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या विंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबने १९३० अखेरपर्यंतच्या मोटारींना विंटेज मानले, तेव्हा त्यांतल्या कित्येक मोटारी दहा वर्षांच्याही नव्हत्या. त्या लोकांचे म्हणणे असे होते की १९३० नंतर मोटारी बनवण्याची रीतच बदलली आणि आधीची जातकुळी संपली. ती सीमा त्यांनी वर्षागणिक पुढे सरकवली नाही. मोटार म्हातारी झाली म्हणून विंटेज होत नाही. तिच्या मागे वंश उरला नाही म्हणून होते.

हा विचार समितीपुढे मांडल्यावर चर्चेला वळण लागले. आम्ही प्रत्येक नगाला वयाऐवजी एकच प्रश्न विचारायचे ठरवले : हे काढून टाकले तर यानंतरच्या पिढीचे कोणते यंत्र त्याचे काम करील, त्याची माध्यमे वाचील, त्याचे भाग स्वीकारील? उत्तर ‘आज दुकानात मिळणारे’ असे असेल तर वस्तू फक्त जुनी आहे. उत्तर ‘कोणतेच नाही’ असे असेल तर धागा तिथे तुटलेला आहे आणि ती वस्तू विंटेजच्या विचाराला पात्र ठरते. पात्रच ठरते, हे आवर्जून नोंदवले. कारण धागा तुटलेली प्रत्येक वस्तू ठेवू लागलो असतो तर नव्या इमारतीत पुन्हा जिन्याखालची खोली तयार झाली असती. म्हणून दोन अटी जोडल्या. वस्तू चालू अवस्थेत दाखवता आली पाहिजे किंवा दुसऱ्या चालू वस्तूचा आधार झाली पाहिजे. आणि ती काय करीत असे हे सांगणारे कोणी, निदान त्याविषयी लिहिलेले काही, हाताशी असले पाहिजे. ही शेवटची अट ग्रंथपालांनी घातली. ज्याच्याविषयी कोणालाच काही सांगता येत नाही असे यंत्र संग्रहात ठेवले तर दहा वर्षांनी पुढची समिती त्याच्याकडे आमच्यासारखीच पाहील, असे त्यांचे म्हणणे होते. पंचवीस वर्षांची रेघ आम्ही पुसली नाही, पण ती चाळणी म्हणून ठेवली : त्या रेघेच्या आतली वस्तू कोणी हरकत घेतली तरच तपासायची. परीक्षा विभागाची पेटी अशा हरकतीवरच वाचली असे म्हणता येईल, मामांचे वाक्य ही लेखी हरकत नव्हती एवढेच.

या कसोटीवर सर्वांत आधी सुटले ते प्रिंटर. तिन्ही डॉट मॅट्रिक्स, टीव्हीएसचे, त्यांतला एक १९९६ चा. विद्यार्थ्यांना ते पुराणकाळातले वाटतात. परंतु कार्बन लावून एका वेळी तीन-चार प्रती काढायच्या असतील तर आजही त्याला पर्याय नाही; गोदामांत, वाहतूक कंपन्यांत, औषधांच्या ठोक दुकानांत तो करकरत असतो आणि त्याची रिबन बाजारात मिळते. जी वस्तू अजून कामावर आहे तिला विंटेज म्हणणे म्हणजे जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालणे. रिबन बदलून एक प्रिंटर कार्यालयात परत गेला. उरलेले दोन त्याच्या सुट्या भागांसाठी ठेवले.

पेंटियम ४ च्या बावीस संगणकांवर वेळ घालवला नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभर मदरबोर्डांवर बसले होते. आमच्या बावीसपैकी बहुतेकांच्या बोर्डांवर ते डोक्याशी फुगलेले, काही फुटून तपकिरी पडलेले होते. त्यांवर चालणारे सारे आजच्या यंत्रावरही कुठल्या ना कुठल्या मार्गाने चालते. कदाचित वीस वर्षांनी कोणी आम्हाला यासाठी दोष देईल. तो धोका पत्करला.

पेंटियम ३ मधला एक मात्र वेगळा काढला, आणि तो विंटेज म्हणून नव्हे. त्याच्या बोर्डवर आयएसए स्लॉट आहे, सव्वापाच इंची ड्राइव्ह जोडता येते, आणि त्याच वेळी यूएसबी आणि नेटवर्कही आहे. नव्या बोर्डांवर फ्लॉपीची जोडणीच नसते, आणि यूएसबीला लावायच्या फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतात. जुन्या फ्लॉपीवरचे नव्या जगात आणायचे तर असे दोन्ही तीरांवर पाय असलेले एखादे यंत्र लागतेच. रजिस्टरवर त्याच्यापुढे ‘साधन’ असे लिहिले आहे. मॉनिटरांतला एक याच न्यायाने राहिला. उरलेल्या दहांच्या काचेत शिसे असल्याने ते अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच देणे भाग होते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले असल्यामुळे भाव अधिक देऊ करणाऱ्या भंगारवाल्याला नकार देताना लेखापालांनाही अडचण आली नाही.

दोन बीबीसी मायक्रो राहिले, एक चालू आणि दुसरा त्याला भाग पुरवण्यासाठी. त्यावर वाद झालाच नाही.

वाद झाला तो ३८६ वर. विभागप्रमुखांचा मुद्दा वजनदार होता : लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये लिनक्स ही संगणक प्रणाली लिहायला घेतली ती ३८६ वर, आणि त्याच लिनक्सने २०१३ मधल्या ३.८ या आवृत्तीत ३८६ चा आधार काढून घेतला. ज्या यंत्रावर जन्म झाला त्यालाच दार बंद झाल्याचे याहून ठसठशीत उदाहरण नाही, तेव्हा तो बोर्ड विद्यार्थ्यांनी पाहावा. माझे म्हणणे असे होते की ३८६ जे करतो ते सर्व ४८६ ची पेटी करते, धागा तिथे तुटत नाही. ती हकिकत सांगायला बोर्ड लागत नाही. शेवटी कमी नासलेला बोर्ड काचेच्या चौकटीत भिंतीवर लागला आणि त्याच्यापुढे ‘विंटेज’ न लिहिता ‘प्रदर्शन’ असे लिहिले. हा तोडगा मला अजूनही पटलेला नाही. चौकटीत बसवलेला बोर्ड पुन्हा कधी चालणार नाही, आणि न चालणाऱ्या संगणकाकडे पाहून विद्यार्थ्याला फारसे काही कळत नाही.

लॅपटॉप आणि यूपीएस यांवर दोन मिनिटेही गेली नाहीत.

परीक्षा विभागाच्या पेटीबाबत निर्णय लिहिताना पेच आला तो मोटारींच्या नियमातल्या ‘मूळ रूपात’ या शब्दांचा. या पेटीत मूळ असे काय होते? कॅबिनेट १९९८ चे, बोर्ड त्याआधीचा, कार्ड १९९१ चे, वीजपुरवठा केव्हातरी बदललेला. परंतु आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून संगणक जोडायची जी रीत होती, तीत प्रत्येक यंत्र असेच होते. कारखान्यातून आलेले अखंड रूप त्यांना कधी नव्हतेच. म्हणून पेटी आहे तशीच, पिवळ्या कॅबिनेटसकट ठेवली. नुसते कार्ड काढून घेतले असते तर आयएसए स्लॉटवाचून ते मुके झाले असते. कार्डामुळे पेटी विंटेज ठरली आणि पेटीमुळे कार्ड बोलते राहिले, म्हणून रजिस्टरवर दोघांना मिळून एकच नवा क्रमांक दिला.

दिवाळीत गेलेले

नोंद पूर्ण करताना तंत्रसहायकांनी सुट्या भागांचा तक्ता भरायला घेतला : मॉनिटर, ड्राइव्ह, फ्लॉप्या, कीबोर्ड. कीबोर्डपाशी ते थांबले. कार्डाबरोबर देवनागरी अक्षरे छापलेला कीबोर्ड होता, हे परीक्षा विभागातून आताच निवृत्त झालेल्या लिपिकबाईंनी सांगितले होते. खोलीत तो नव्हता. आदल्या दिवाळीतल्या निर्लेखनाची यादी काढून पाहिली. तिच्यात ‘कीबोर्ड, ३१ नग, नादुरुस्त’ अशी एक ओळ होती आणि तिच्यावर सही समितीच्याच दोन सदस्यांची होती. त्यांपैकी एक सही तंत्रसहायकांची.

प्रात्यक्षिकासाठी साधा इंग्रजी कीबोर्ड जोडला. त्या कीबोर्डवरची इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी आजच्या विंडोजमध्येही तीच असल्यामुळे काम अडत नाही : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि योगायोगाने ‘क’ इंग्रजी ‘के’च्याच कळीवर. जूनमध्ये बाईंना बोलावले तेव्हा त्यांनी कळांवरच्या रोमन अक्षरांकडे न पाहता महाविद्यालयाचे संपूर्ण नाव एका दमात टंकलिखित केले आणि विचारले, “माझा कीबोर्ड कुठंय?” तक्त्यातल्या त्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे लिहिलेले त्यांना दाखवले.